झोळीतले मूल

आमच्या लहानपणी जेवताना हट्ट करणाऱ्या मुलाला घरोघरी एकच धाक घातला जाई. 'मुकाट्याने जेव, नाहीतर झोळीवाला येईल आणि झोळीत घालून नेईल.' हा झोळीवाला कोण, कुठला, मुलांना नेऊन तो करतो काय, हे कुणी सांगत नसे आणि आम्हीही विचारीत नसू. दुपारी आळीत डमरूचा आवाज आला, भगवी कफनी दिसली, की आम्ही घरात पळत असू आणि दाराआडून पाहत असू. आई पसाभर तांदूळ त्याच्या झोळीत टाकी, तो काहीतरी पुटपुटून पुढच्या दाराशी जाई. आमच्या आळीतले एकही मूल त्या झोळीत कधी गेले नाही. तरी भीती उरली, आणि पुढे आम्ही बाप झालो, आया झालो, तेव्हा तोच धाक आम्ही आमच्या मुलांना घातला. वारसा केवळ शेतीवाडीचा आणि दागदागिन्यांचाच असतो असे नाही.

हे सारे आठवण्याचे कारण पिंपळनेर.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले पिंपळनेर हे पांझरेकाठचे जुने, बाजाराचे गाव. इंग्रजी अमदानीत सबंध तालुकाच पिंपळनेर या नावाने ओळखला जाई. कचेरी साक्रीला गेली आणि नावही मागे पडले. पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, त्यांच्यापलीकडे डांगचे रान. डोंगरकुशीतल्या पाड्यांवर कोकणी, भील, मावची अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. बाजारात अहिराणी ऐकू येते, घरात कोकणी किंवा भिलोरी. याच पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीत राईनपाडा नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. २०१८ सालच्या १ जुलैला, रविवारी, राईनपाड्याचा आठवड्याचा बाजार भरला होता. त्या दिवशी एस. टी. तून पाच अनोळखी माणसे गावात उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या बाजूची; भिक्षा मागत फिरणे हा त्यांच्या वाडवडिलांपासूनचा व्यवसाय. पिंपळनेरजवळ त्यांच्या कुटुंबांनी पाले ठोकली होती. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला. 'मुले पळविणारी टोळी आली' अशी आरोळी उठली. बाजार धावला. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, दगडांनी, लाठ्यांनी, हाती येईल त्याने मारण्यात आले. पोलीस पोहोचले तेव्हा ते मूठभर होते आणि जमाव प्रचंड. पोलिसांनाही मार बसला. पाचही जण मेले. मारहाण चालू असताना काही हात ती दृश्ये मोबाईलवर टिपत होते.

पुढे गुन्हे नोंदले गेले, पुष्कळांना अटक झाली, मंत्री आले, घोषणा झाल्या. खटल्याची हकीगत हा आमचा विषय नव्हे. आम्हाला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ज्या भीतीने ही पाच माणसे मारली ती आली कुठून? 'अडाणी लोक, व्हॉट्सॲपची अफवा' एवढे म्हणून शहरातले आपण मोकळे होतो. अफवा होती हे खरेच. त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोन माणसे येतात, रस्त्यात खेळणारे मूल उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करण्यासाठी काढली होती. तिच्या शेवटी ती माणसे मूल परत आणून सोडतात आणि हरवणाऱ्या मुलांविषयीचा फलक दाखवितात. कुणीतरी तो शेवट कापला, आणि मुलांच्या रक्षणासाठी केलेले चित्र माणसे मारण्याचे हत्यार झाले. राईनपाड्यापूर्वी तीन आठवडे, ८ जूनला, आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण याच संशयाने मारले गेले होते. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडीच्या हिंसेविषयी राज्यांना सविस्तर आदेश दिले, आणि व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिकांना पुढे पाठविण्यास बंदी घातली. तरी १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेच्या वणव्यात मारले गेले. तेव्हा यंत्राला दोष देऊन भागत नाही. यंत्राने फक्त निरोप पोहोचविला. तो ऐकताच खरा वाटावा, अशी मनाची मशागत त्याच्याही आधी कुणीतरी केली होती.

ती मशागत शोधताना आम्ही सरकारी कायद्यांच्या जुन्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचलो. तेथे आम्हाला जे आढळले ते आम्ही लहानपणी ऐकलेल्या गोष्टीच्या अगदी उलटे होते. फिरस्त्यांनी गाववाल्यांची मुले नेल्याचा नव्हे, तर फिरस्त्यांची मुले सरकारने नेण्याचा लेखी, क्रमांक घातलेला, कलमवार इतिहास तेथे आहे.

१८७१ साली हिंदुस्थान सरकारने 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला. जसा सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर, तसे या देशात चोराच्या पोटी चोरच जन्मतात, असे त्याचे समर्थन करण्यात आले. जातिव्यवस्थेविषयी साहेबाला जे अर्धवट कळले होते त्याचा हा कायदा होता, आणि आपल्यातल्या वरच्या वर्णांना तो मुळीच खटकला नाही हेही येथे सांगितले पाहिजे. जमातीचे नाव एकदा सूचीत गेले की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण, मग त्याने उभ्या जन्मात काही चोरलेले असो वा नसो, नोंदवहीत गेला. हजेरी, गाव सोडायला परवाना. याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता. मुले पळविल्याचा त्यांच्यावर संशय धरून त्यांच्याही नोंदी करण्याची आणि त्यांच्याजवळची सोळा वर्षांखालील मुले काढून घेण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे मुले पळविण्याची भीती ही पाड्यावरच्या निरक्षर माणसाची मक्तेदारी नव्हे. ती सरकारी कायदेमंडळात मंजूर झालेली भीती आहे.

आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८९७ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांसाठी, आईबापांपासून दूर, वेगळ्या सुधारणा-वसाहती काढण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. चार वर्षे! ज्या वयात मूल अंधारात एकटे परसात जात नाही, त्या वयात त्याच्या आईपासून त्याचे रक्षण करण्याची गरज सरकारला वाटली. १९११ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी नवा कायदा झाला. त्यात औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा शाळा काढाव्यात, सूचीतल्या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी करून त्यांत ठेवावीत, अशी स्पष्ट तरतूद होती. 'मूल' म्हणजे सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील व्यक्ती. १९२४ च्या कायद्यातही ही तरतूद कायम राहिली. हेतू म्हणून जे सांगितले जाई ते ऐकायला अतिशय सात्त्विक होते. मोठी माणसे सुधारण्यापलीकडे गेली आहेत, निदान पुढची पिढी वाचवू. 'वाचविणे' हे क्रियापद या इतिहासात इतक्या वेळा भेटते की ते दिसताच आता आम्ही जरा सावध होतो.

मुंबई इलाख्यात हे काम ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या हाती आले. विजापूर येथे आरंभ झाला, आणि हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरला गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून वसविण्यात आली. सकाळ-संध्याकाळ हजेरी, रात्री कुंपणाबाहेर पडायला मनाई. वडील माणसे गिरणीत, मुले सक्तीने शाळेत. आजही सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नावाच्या वस्त्या आहेत. इंग्रजी शब्द मराठी जिभेवर असा रुळला आहे की तिथली पोरे तो सहज उच्चारतात. त्यातल्या 'फ्री' या शब्दाचा अर्थ मात्र जाणत्यांनाच ठाऊक. चांगल्या वर्तणुकीबद्दल कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांची ती वस्ती.

स्टार्ट हा माणूस दुष्ट नव्हता. त्या काळाच्या मानाने तो कळवळ्याचा अधिकारी होता. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली तिचा तो अध्यक्ष होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्कर बाप्पा तिचे सभासद होते. समितीने १९३० साली अहवाल दिला. अस्पृश्यांच्या मुलांना सार्वजनिक शाळांत इतर मुलांबरोबर बसता यावे असे या समितीने आग्रहाने म्हटले. तेव्हा एकाच माणसाच्या हातून एकीकडे शाळेचे दार उघडले गेले आणि दुसरीकडे तारेचे कुंपणही घातले गेले. इतिहासात खलपुरुष शोधणाऱ्यांची येथे निराशा होते. आम्हाला मात्र असे वाटते की दुष्ट माणसाने केलेल्या अन्यायाहून भल्या माणसाने केलेला अन्याय पचवायला जड असतो, कारण त्याच्यावर रागावताही येत नाही.

आणि येथे आम्हा ख्रिस्ती वाचकांना थोडे थांबावे लागते. या वसाहती चालविण्यासाठी सरकारने ठिकठिकाणी मिशन संस्थांची मदत घेतली. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे होती. उत्तरेत आणि दक्षिणेत मुक्तिफौजेने अशा अनेक वसाहती चालविल्या. त्या प्रॉटेस्टंट संस्था होत्या, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असे म्हणून कॅथलिकांना बाजूला होता येईल. पण जगाच्या नकाशावर नजर टाकली की ही पळवाट बंद होते. कॅनडात मूळनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांत नेण्यात आली. त्यांची भाषा बोलायला बंदी, केस कापलेले, नाव बदललेले, आणि मारझोड व लैंगिक अत्याचार यांच्या असंख्य साक्षी. पैसा सरकारचा, पण निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांनी चालविलेल्या. सत्य व समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस चाकाच्या खुर्चीतून अल्बर्टा प्रांतातल्या मास्कवासिस येथे गेले आणि तेथे त्यांनी मूळनिवासींची क्षमा मागितली. ऑस्ट्रेलियात १९१० ते १९७० या काळात आदिवासी मुलांना, विशेषतः मिश्र वर्णाच्या मुलांना, आईपासून तोडून वसतिगृहांत आणि गोऱ्या घरांत ठेवण्यात आले. त्यांच्याविषयीचा मोठा चौकशी अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. तेथेही अनेक वसतिगृहे मिशनांची होती. ऑस्ट्रेलियन अहवालात एक गोष्ट वारंवार येते. लहानपणी जे नेले गेले, त्यांना मोठेपणी स्वतःच्या मुलांना कुशीत कसे घ्यावे हेच कळेनासे झाले, कारण त्यांना तसे कुणी घेतलेच नव्हते. मग त्यांच्या घरात दारू, मारहाण, हेळसांड. आणि ती पाहून पुन्हा सरकारी अधिकारी मुले न्यायला दाराशी. चक्र पुरे झाले. पहिल्या पिढीला झालेली जखम तिसऱ्या पिढीच्या अंगावर उमटते, असे तिथले मानसोपचारतज्ज्ञ सांगतात.

युरोपचे एक उदाहरण तर राईनपाड्याला अधिकच जवळचे आहे. तिथल्या रोमा आणि येनिश या भटक्या लोकांवर 'हे मुले चोरतात' हा आळ शतकानुशतके आहे. प्रत्यक्षात काय घडले? अठराव्या शतकात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने रोमांची मुले काढून शेतकऱ्यांच्या घरी वाढविण्याचे फर्मान काढले. आणि स्वित्झर्लंडसारख्या सुसंस्कृत देशात १९२६ ते १९७३ या काळात 'प्रो युव्हेंटुटे' या मुलांच्या कल्याणासाठी निघालेल्या प्रतिष्ठित संस्थेने येनिश लोकांची सुमारे सहाशे मुले आईबापांपासून काढून घेतली. या योजनेचे नाव होते 'रस्त्यावरची मुले'. १९८६ साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. ज्यांच्यावर मुले चोरण्याचा आळ होता त्यांचीच मुले चोरीला गेली, आणि चोरणाऱ्यांनी त्याची पावतीही फाडली.

आता पुन्हा खानदेशात येऊ. कारण येथवर वाचून कुणाचा असा समज होईल की राईनपाड्याला एका बाजूला सर्वस्वी निरपराध भटके आणि दुसऱ्या बाजूला सर्वस्वी अपराधी गाव होते. मेलेले निरपराध होते यात शंका नाही. मारणाऱ्यांचे कृत्य भयानक होते यातही नाही. पण ज्या डोंगरात हे घडले त्या डोंगराची आठवणही आपण ऐकून घेतली पाहिजे.

पेशवाईच्या अखेरीस खानदेशातल्या भिलांवर जे अत्याचार झाले ते दप्तरांत नोंदलेले आहेत. चाळीसगाव, धरणगाव, अंतूर या ठिकाणी त्यांच्या कत्तली झाल्या. १८१८ साली इंग्रज आले, १८२५ साली भील एजन्सी स्थापन झाल्या, जेम्स औट्रमने भील पलटण उभी केली, आणि ज्यांनी लढणे सोडले त्यांना बैल, बियाणे, तगाई देऊन शेतीवर बसविण्यात आले. याला इंग्रजांनी भिलांचे 'माणसाळविणे' म्हटले, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांविरुद्ध इंग्रजी फौज लढली तेव्हा पुष्कळ भील स्त्रिया पकडून नेण्यात आल्या. पुरुष हाती येईना म्हणून त्याच्या बायकापोरांना धरून ठेवायचे ही बंडखोरांना नमविण्याची जुनी, सर्वांना ठाऊक असलेली रीत. बंड संपले आणि सावकार आला. जमीन गेली, बाप सालदार झाला, आणि बापाच्या कर्जापायी पोरगा पाटलाच्या गोठ्यात गुराखी म्हणून राहिला. शहाद्याकडे अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांची चळवळ १९७० नंतर उभी राहिली ती याच सालदारीच्या आणि गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर. मूल घरून जाते आणि लवकर परत येत नाही, हा अनुभव या भागाला नवा नाही.

आणि तो संपलेलाही नाही. पावसाळा सरला की साक्री आणि नंदुरबारकडची माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुलांना बरोबर न्यावे तर शाळा बुडते आणि फडावर पाळणा झाडाला. मागे ठेवावे तर म्हाताऱ्या आजीजवळ किंवा आश्रमशाळेत. आश्रमशाळांचे मूळ १९२२ साली ठक्कर बाप्पांनी दाहोदला स्थापन केलेल्या भील सेवा मंडळाच्या कामापर्यंत जाते. पुढे मुंबई राज्याने आणि महाराष्ट्राने ती योजना घेतली. तिने आदिवासी समाजाला पहिली शिकलेली पिढी दिली. शिक्षक, तलाठी, परिचारिका, आमदार दिले. आम्ही तिला कॅनडाच्या शाळांच्या पंक्तीला बसवीत नाही, कारण येथे मुलाला बळाने नेत नाहीत, आईबाप स्वतः आणून सोडतात, सुटीला घेऊन जातात. परंतु जून महिन्यात सहा वर्षांच्या पोराला पत्र्याची पेटी देऊन आश्रमशाळेच्या ओसरीवर सोडणाऱ्या आईला 'स्वतः' या शब्दाचा नेमका अर्थ कुणी विचारलेला नाही. घराजवळ चांगली शाळा असती आणि घरात वर्षभर पुरेल एवढे काम असते, तर तिने ती पेटी भरली असती काय? या शाळांतून सर्पदंशाने, तापाने, अपुऱ्या उपचारांनी मुले दगावली, मुलींवर अत्याचार झाले. २०१६ साली अशा मृत्यूंची चौकशी करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. समितीचे अहवाल मुंबईत राहतात. बातमी पाड्यावर येते ती वेगळ्या रूपात: अमक्याची पोर गेली, कुणी काही सांगत नाही.

अशा गावात 'मुले पळविणारे आले' ही आरोळी पडली तर ती कोऱ्या मनावर पडत नाही. मूल खरोखरच जोखमीत आहे हे त्या आईला ठाऊक आहे. जोखीम कुठून आहे एवढेच तिला चुकीचे सांगितले गेले. मुकादम, सावकार, कचेरी यांच्यावर दगड उचलता येत नाही. झोळीवाला मात्र समोर उभा असतो, परका असतो, एकटा असतो. आमचा हा तर्क आहे, निवाडा नव्हे. आणि एखाद्या कृत्याचे कारण सांगणे म्हणजे त्याला क्षमा करणे नव्हे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय झोळीवाल्याला संशयित ठरविले ते आदिवासींनी नव्हे. ते काम कायद्याने, पोलिसांच्या नोंदवहीने आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, आमच्या आळीतल्या आयांनी आधीच करून ठेवले होते.

कायदा गेला. मुंबई प्रांतात १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. १९४९ साली मुंबईने हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. तारा तुटल्या, 'विमुक्त' हा शब्द आला. पण १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी मुंबई राज्याचा वेगळा कायदा झाला, आणि पोलिसांच्या दृष्टीत फारसा फरक पडला नाही. ठाडे समितीने १९६१ च्या सुमारास भटक्या-विमुक्तांच्या याद्या केल्या. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ सालच्या आरंभी अहवाल दिले. म्हणजे राईनपाडा घडले तेव्हा इदाते अहवालाला जेमतेम सहा महिने झाले होते. ज्यांना गाव नाही, त्यांना शिधापत्रिका नाही. ज्यांना शिधापत्रिका नाही, त्यांना दाखला नाही. आणि दाखला नसलेल्याला परक्या गावात स्वतःची ओळख पटवून देणे किती अवघड असते, याची वर्णने या अहवालांत भरपूर आहेत. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा मराठी वाचकांनी हळहळ व्यक्त केली. पोलिसांची धाड पडल्यावर घरातली मुले काय पाहतात, हे त्या पुस्तकाने आपल्याला सांगितले होते. आपण ते साहित्य म्हणून वाचले.

भटक्यांच्या पालावर वाढणाऱ्या मुलाला आईचा पहिला धडा असतो तो खाकी कपडा दिसताच पळण्याचा. पाड्यावरच्या मुलाला पहिला धडा मिळतो तो परका दिसताच पळण्याचा. आणि आळीतल्या आमच्या मुलाला तो झोळीवाल्यापासून पळण्याचा. तीनही आया आपापल्या परीने मुलाचे रक्षणच करीत असतात. १ जुलैच्या त्या बाजारात या तीन धड्यांची गाठ पडली, आणि ज्या मुलीवरून हे सारे सुरू झाले तिला त्या पाचांपैकी कुणी काय विचारले होते, हे आता कळण्याचा मार्ग नाही. कदाचित घर विचारले असेल, कदाचित पाणी मागितले असेल.

राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी जी लहान मुले होती ती आज मोठी होत आली आहेत. मंगळवेढ्याच्या बाजूला ज्या घरांतून ती पाच माणसे भिक्षेला निघाली होती, त्या घरांतही मुले आहेत. त्यांनी बापाचा मृत्यू मोबाईलच्या पडद्यावर पाहिला असण्याची शक्यता फार आहे, कारण त्या चित्रफिती कुणी अडविण्याआधीच दूरवर गेल्या होत्या. पैशाची मदत जाहीर झाली. पण या दोन्ही ठिकाणच्या मुलांशी कुणी शांतपणे बसून बोलले काय, त्यांना रात्री झोप येते काय, हे विचारणारा माणूस सरकारच्या कोणत्या खात्यात असतो, हे आम्ही शोधतो आहोत. बालकल्याण समिती जिल्ह्याजिल्ह्यांत आहे, बालन्याय कायदा २०१५ चा आहे, १०९८ हा क्रमांक आहे. ही सारी व्यवस्था हरवलेल्या आणि छळलेल्या मुलासाठी आहे. ज्याने गावाच्या हातून माणूस मरताना पाहिला त्या मुलासाठी अर्जाचा नमुना कोणता, ते कुणाला माहीत असेल तर त्यांनी कळवावे.

आणखी एक विनंती. सोलापूरच्या तारेच्या आत जन्मलेली शेवटची पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्या वसाहतींतल्या शाळांत शिकविलेले, तिथल्या दवाखान्यांत काम केलेले काही ख्रिस्ती शिक्षक आणि परिचारिका आपल्या वाचकांच्या घरांतही होऊन गेले असतील. जुन्या पेट्यांत त्यांची पत्रे असतील, हजेरीपटांची एखादी वही असेल, मुलांच्या रांगेचे एखादे छायाचित्र असेल. ते फाडू नये आणि रद्दीत घालू नये. त्या छायाचित्रातल्या मुलांची नावे मागे लिहिलेली आहेत काय, आणि असली तर ती त्यांच्या आईने ठेवलेली नावे आहेत की शाळेने, एवढे पाहून आम्हाला लिहावे.